तीन वेळा गळलेलं उजवं सील

सील तिसऱ्यांदा गळून गाडी आली तेव्हा उजव्या फोर्कच्या पायावर तेलाची ओली पट्टी होती आणि तिच्यावर धुळीचा जाड थर बसला होता. डावा पाय कोरडा, चकचकीत. मोटरसायकल १५० किलोच्या आसपासची, पुढे साधा तेलाचा फोर्क (चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय, प्रत्येकात एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्या), ३७ मि.मी. व्यासाच्या नळ्या, १३० मि.मी. प्रवास म्हणजे दबायची जागा, मागे एकच शॉकअप. चालवणारा हेल्मेट-जॅकेटसकट ८५ किलोचा, रोज चालवणारा आणि गाडीवर जीव असलेला माणूस.

पहिल्यांदा सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी, गळलं ते दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदललं गेलं. त्यानंतर अडीच हजार किलोमीटरवर पुन्हा उजवंच गळलं, तेव्हा ते मी बदललं. आता माझं सीलही अठराशे किलोमीटरवर गेलं होतं. म्हणजे या प्रकरणातला एक दोषी मीच, आणि पुढचं सगळं वाचताना ते लक्षात ठेवावं.

गळती ही त्याची मुख्य तक्रार नव्हतीच. "दादा, शॉकअप बसलेत," तो म्हणाला. "ब्रेक मारला की पुढून खाली जाऊन खाडकन आपटतं. बारीक खड्ड्यात हात झिणझिणतात. कडक स्प्रिंग टाका, काय व्हायचं ते एकदाच होऊ दे."

शॉकअप बसले असतील तर गाडी मऊ लागायला हवी. बारीक खड्ड्यात हाताला मुंग्या येणं हे मऊ फोर्कचं लक्षण नाही. एकाच माणसाच्या तोंडून "फार मऊ" आणि "फार कडक" अशा दोन्ही तक्रारी येतात तेव्हा स्प्रिंगला हात लावण्याआधी थांबावं, इतकं या धंद्यात शिकलो आहे. मागच्या वेळी मात्र थांबलो नव्हतो.

मागच्या वेळी काय केलं ते आधी सांगतो. उजवी नळी पुसून तिच्यावरून नायलॉनचा जुना मोजा फिरवला. एका ठिकाणी धागा अडकला. क्रोमवर खडा लागून पडलेला बारीक टोचा होता. गुन्हेगार सापडला असं वाटलं. २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून टोच्याची कड मारली, नवं सील घातलं. तेल किती भरायचं यासाठी मॅन्युअल उघडायचा कंटाळा केला. डाव्या पायाची टोपी उघडली, स्प्रिंग काढली, फोर्क पूर्ण दाबून वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजलं. ११० मि.मी. भरलं. उजवीकडेही बरोबर ११० केलं. डावीकडचं तेल बोटांत चोळल्यावर जाड लागलं, म्हणून उजवीकडेही १५ डब्ल्यू घातलं (डब्ल्यूचा आकडा म्हणजे तेलाचा जाडपणा). दोन्ही पाय एकसारखे करायचे हे तत्त्व बरोबरच आहे. पण चुकीच्या पायाची नक्कल केली तर दोन्ही पाय एकसारखे चुकीचे होतात.

या वेळी पान्हा उचलायच्या आधी टेप उचलायचं ठरवलं.

पहिलं काम अगदी स्वस्तातलं: उजव्या नळीवर डस्ट सीलला (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या सीलला) चिकटून एक बारीक केबल टाय अडकवली आणि त्याला म्हणालो, "नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून या. जिथे आपटतं तिथे मुद्दाम आपटा." फोर्क दबला की डस्ट सील टायला वर ढकलतं आणि परत येताना तिथेच सोडून येतं. टाय जिथे थांबली तिथपर्यंत फोर्क गेला होता, एवढा साधा हिशोब. तासाभराने तो परत आला. "तीनदा आपटवली," म्हणाला. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब केला आणि मोजलं. टाय ९६ मि.मी.वर होती.

प्रवास १३० चा, वापरलेला ९६. चौतीस मि.मी. शिल्लक असताना फोर्क तळाला आपटत नसतो. त्याला जाणवणारा दणका खराच होता, पण तो तळाचा नव्हता. वाटेतच काहीतरी फोर्कला अडवत होतं. आणि तो मागत होता आणखी कडक स्प्रिंग!

त्याच टेपने आणखी एक गोष्ट निकालात निघाली. क्रोमवरचा टोचा डस्ट सीलपासून ११८ मि.मी. वर होता. माझ्या सीलच्या आयुष्यात फोर्क ९६ च्या पलीकडे गेलाच नसेल, तर सीलची ओठासारखी कड त्या टोच्यापर्यंत पोचलीच नव्हती. ज्याला मी गुन्हेगार ठरवून पॉलिश केलं, तो घटनास्थळी हजरच नव्हता.

मग सॅग मोजली. सॅग म्हणजे गाडी आणि माणसाच्या वजनाने फोर्क किती खाली बसतो ते अंतर. रस्त्यावरच्या गाडीला पुढे प्रवासाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत सॅग असावी, म्हणजे इथे ३२ ते ४३ मि.मी. बहुतेक जण एकदाच मोजतात आणि फसतात, कारण फोर्क घर्षणामुळे एकाच वजनाला दोन वेगवेगळ्या जागी थांबू शकतो. म्हणून तो दोन्हीकडून गाठायचा. माणूस बसलेला, दुसऱ्याने गाडी सरळ धरलेली, तिसऱ्याने टेप धरलेली. आधी हॅन्डल खाली दाबून हळूच सोडायचं आणि फोर्क वर येऊन थांबेल तिथे मोजायचं. मग पुढून गाडी थोडी उचलून हळूच सोडायची आणि खाली येऊन थांबेल तिथे मोजायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे खरी सॅग. दोन्हींतला फरक म्हणजे फोर्कमधली अडक. गॅरेजवाले याला स्टिक्शन म्हणतात.

पूर्ण लांब असताना नळीचा उघडा भाग १६८ मि.मी. होता. दाबून सोडल्यावर ११२. उचलून सोडल्यावर १३८. सरासरी १२५, म्हणजे सॅग ४३. मर्यादेच्या काठावर, पण "बसलेत" म्हणण्याइतकी वाईट नाही. खरा आकडा फरकाचा होता: २६ मि.मी. धडधाकट फोर्कमध्ये हा फरक दहाच्या आसपास आला की मी समाधानी असतो. इथे मधल्या २६ मि.मी.च्या पट्ट्यात स्प्रिंग काय सांगते ते फोर्क ऐकतच नव्हता. जिथे सोडाल तिथे चिकटून बसत होता. बारीक खड्ड्याचा धक्का एवढं घर्षण तोडू शकत नाही, मग तो सरळ हॅन्डलमधून मनगटात जातो. झिणझिण्यांचा उलगडा झाला.

एवढी अडक कुठून येते? कोनसेट, म्हणजे हॅन्डल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, पाहिला: चाक उचलून हॅन्डल सावकाश फिरवलं, मधोमध खाच लागत नव्हती, पुढेमागे हलवून खडखड नव्हती. दोन्ही नळ्यांची टोकं वरच्या पकडीत, म्हणजे क्लॅम्पमध्ये, एकाच उंचीवर. मडगार्डचे बोल्ट सैल केले, काही फरक नाही. उरला ॲक्सल, चाकाचा दांडा.

या गाडीत ॲक्सल उजवीकडून आत जातो, चाकाच्या बेअरिंगमधून आणि स्पेसरमधून (अंतर राखणाऱ्या नळीतून) जाऊन डाव्या पायात आट्यांवर घट्ट बसतो. डावा पाय, स्पेसर, बेअरिंग आणि ॲक्सलचा खांदा ही एक घट्ट साखळी. उजवा पाय त्या साखळीत नाही. तो ॲक्सलवर मोकळा सरकतो आणि शेवटी पायाच्या खालची फट आवळणाऱ्या पिंच बोल्टने जागेवर आवळला जातो. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. दोन पाय वर क्लॅम्पमध्ये ज्या अंतरावर धरलेले आहेत, खाली ॲक्सलवरही त्याच अंतरावर बसले पाहिजेत. ते अंतर उजवा पाय स्वतः शोधतो. म्हणूनच चाक बसवताना आधी ॲक्सल आवळायचा, मग गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबायचा, आणि त्यानंतरच पिंच बोल्ट आवळायचा.

मी मागच्या वेळी हे सगळं केलं होतं. ब्रेक धरून दाबल्याचं स्पष्ट आठवतं. म्हणून ॲक्सलवर संशय घ्यायला मी तयार नव्हतो, आणि तेच नडलं.

उजव्या पायाबाहेर ॲक्सलचं टोक थोडं डोकावतं. पायाच्या कडेला लागून ॲक्सलवर काळ्या मार्करने बारीक रेघ मारली. पिंच बोल्ट सैल केला. काहीच झालं नाही. पायाच्या खालच्या फटीत स्क्रूड्रायव्हर अलगद घालून फट जराशी उघडली. तरीही काही नाही. गाडी दाबली, सोडली, दाबली. रेघ जागच्या जागी. मागच्या वेळी नेमकं हेच झालं असणार: मी फोर्क दाबला, पण उजवा पाय ॲक्सलला चिकटलेला असल्याने सरकलाच नाही, आणि मी त्याला त्या चुकीच्या जागीच आवळून टाकलं. या वेळी गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबलो. मग रबरी हातोडीने पायाच्या आतल्या बाजूला हलका ठोका दिला.

टक्.

पाय एकदम बाहेर सरकला आणि रेघ त्याच्या आत गडप झाली. मोजलं: ३ मि.मी.

तीन मि.मी. काय मोठं, असं वाटेल. पण हा पाय वर क्लॅम्पमध्ये पक्का जखडलेला आणि खाली ॲक्सलकडे ३ मि.मी. चाकाच्या दिशेने ओढलेला होता. बाहेरची नळी वाकडी धरून आतली तिच्यातून सरकवल्यासारखंच ते. त्यातही वाईट असं की फोर्क दबत जातो तसं क्लॅम्पपासून ॲक्सलचं अंतर कमी होत जातं. लांब काठी ३ मि.मी. वाकवायला बोट पुरतं, तीच काठी आखूड केली की मूठ लागते. म्हणजे फोर्क जितका खाली, तितका पीळ जास्त. हलक्या ब्रेकला कसंबसं चालतं, जोराच्या ब्रेकला मधेच अडतं. तेल भरलेला दुर्बिणीसारखा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर आणला. तेव्हापासून आतल्या कप्प्यांत कितीही सुधारणा झाल्या तरी दोन नळ्या एकमेकींत सरळ सरकल्या पाहिजेत ही अट तशीच आहे.

पिंच बोल्ट सैल ठेवूनच त्या माणसाला गाडीवर पुन्हा बसवलं आणि मोजलं (फक्त उभ्या गाडीवर, असं चालवायचं नाही). १२१ आणि १३१. फरक २६ वरून १० वर आला, एकही सुटा भाग न बदलता. सॅग ४२.

तो खाली उतरला, हॅन्डल दोन-तीनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "एवढंच होतं?"

एवढंच नव्हतं. अठराशे आणि त्याआधीचे अडीच हजार किलोमीटर घासून झाले होते, आणि ११० चा प्रश्न बाकी होता. फोर्क उतरवला.

उजव्या पायातलं तेल करडं, आणि उन्हात धरलं की त्यात चांदीसारखी चमक फिरताना दिसे. ती चमक म्हणजे बुशचा (दोन नळ्यांच्या मधल्या कडीचा) आणि नळीचा भुगा. तळाचा ॲलन बोल्ट सोडवताना आतला डॅम्पर रॉड सोबत गरगर फिरतो आणि बोल्ट सुटत नाही, हा सगळ्यांचा छळ. म्हणून स्प्रिंग आणि टोपी आत असतानाच फोर्क दाबून धरून तो बोल्ट फोडायचा. स्प्रिंगच्या दाबाने रॉड जागेवर राहतो. वरचा बुश बाहेर आला तेव्हा त्याच्यावरचा करडा टेफ्लॉनचा थर एका बाजूला पूर्ण गेलेला होता आणि खालचं तांबूस ब्राँझ चंद्रकोरीसारखं दिसत होतं. चंद्रकोर चाकाच्या बाजूला. खालचं टोक आत ओढलं की बाहेरच्या नळीचं वरचं टोक बाहेर कलतं, आणि तिच्यातला बुश नेमक्या याच बाजूने आतल्या नळीवर रेटला जातो. बाकी तीन बाजूंचा थर नव्यासारखा. बुश एका अंगाला झिजला की नळी सीलच्या मधोमध राहत नाही. सीलची कड एका बाजूने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूने सुटते. सील गळायला आणखी काय हवं? दोन्ही वेळा नवं सील या खिळखिळ्या जागी बसवलं गेलं. मागच्या वेळी मी बुश पाहिलाही होता, पण समोरून; फिरवून पाहिला नव्हता.

आतली नळी काचेवर लोटून पाहिली, मग डायल गेजवर फिरवली: ०.०६ मि.मी. वाकडेपणा. सहसा ०.२ पर्यंत चालतं. नळी शाबूत.

आता ११० ची गोष्ट. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं: १० डब्ल्यू, पातळी वरून १५० मि.मी. म्हणजे प्रत्येक पायात ४० मि.मी. तेल जास्त, मापात सुमारे ३४ मिली. ऐकायला किरकोळ आहे. पण फोर्कच्या पायात तेलाच्या वर कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. फोर्क दबतो तशी ती आकसते, आणि शेवटी शेवटी तिचा जोर झपाट्याने वाढतो. जागा आधीच कमी ठेवली तर तो जोर कुठल्या कुठे जातो. ढोबळ हिशोब केला. ३७ ची नळी, १३० चा प्रवास, स्प्रिंगने व्यापलेली जागा वजा करून १५० च्या पातळीला पूर्ण दबलेल्या फोर्कमध्ये हवा सुमारे २.८ पट दाबली जाते; ११० ला जवळपास ४.३ पट. दोन्ही पाय मिळून हवेचा उलटा रेटा सुमारे ३९० न्यूटनवरून ७०० न्यूटनवर जातो. तळाशी पोचता पोचता तिसेक किलोचं जास्तीचं ओझं कोणीतरी खालून वर ढकलावं तसं. हा हिशोब हवा थंडच राहते असं धरून आहे. झटक्याने दाबताना ती तापते आणि प्रत्यक्ष दाब याहून जास्त जातो.

हे ज्याने केलं त्याचा तर्क मला कळतो. गिऱ्हाईक म्हणतं पुढून आपटतं; मेकॅनिक तेल जाड करतो आणि थोडं जास्त भरतो. फोर्क खरोखर मऊ असेल तर हा उपाय चालतोही. अडकलेल्या फोर्कला तो दिला की दणका आणखी वाढतो, आणि झिजलेल्या बाजूच्या सीलवर दाबही. जाड तेलाची आणखी एक खोड आहे. या फोर्कमधलं डॅम्पिंग (हालचालीला तेलाने होणारा विरोध) म्हणजे डॅम्पर रॉडला पाडलेली ठरावीक भोकं. वेग दुप्पट झाला की भोकांतून जाणाऱ्या तेलाचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून असा फोर्क सावकाश हालचालीत ढिला आणि झटक्यात कडक वाटतो, हा त्याचा जन्मजात स्वभाव. दबणं आणि परत येणं यांची वेगळी स्क्रू इथे नसते. तेल जाड केलं की दोन्ही एकदम जड होतात. परतीचा वेग फार मंदावला तर एकामागून एक खड्डे आले की फोर्क पूर्ण वर यायच्या आधीच पुढचा दणका बसतो, आणि तो पायरी पायरीने खाली उतरत जातो. उतरलेल्या फोर्कवर ब्रेक मारला की "खाली जाऊन आपटतं".

मग डावा पाय का गळला नाही? तेल तेवढंच जाड, पातळी तीच, दाबही तोच. या एका प्रश्नात उत्तर पहिल्या दिवसापासून होतं: दोष दोन्ही पायांना समान असलेल्या गोष्टीत असता तर दोन्ही गळले असते. कोरडा डावा पाय मी दोन्ही वेळा पाहिला आणि दोन्ही वेळा "हा ठीक आहे" म्हणून पुढे गेलो. नशीब एवढंच की डिस्क डावीकडे आहे. हेच तेल कॅलिपरवर ओघळलं असतं तर ब्रेक पॅड तेल प्यायले असते आणि हे प्रकरण वेगळंच लिहावं लागलं असतं.

स्प्रिंगचा निकाल लावायचा राहिला होता, कारण तो अजून कडक स्प्रिंगच मागत होता. मोकळी लांबी मोजली, मॅन्युअलच्या मर्यादेत. मग फक्त सरकणारं वजन धरून कागदावर ढोबळ मांडून दाखवलं. गाडी आणि माणूस मिळून २३५ किलो, गुरुत्वकेंद्र साधारण ०.६ मीटर उंचीवर, दोन चाकांतलं अंतर १.३५ मीटर. ०.८ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) करकचून ब्रेक मारला तर मागच्या चाकावरून पुढच्यावर सरकणारं वजन २३५ गुणिले ०.८ गुणिले ०.६ भागिले १.३५, म्हणजे ८४ किलोच्या आसपास. दोन्ही स्प्रिंग मिळून मिलिमीटरला १४ न्यूटन. फोर्कचा तिरकेपणा धरला तर यासाठी आणखी ५३ मि.मी. दबणं पुरे. ४२ ची सॅग आणि हे ५३, एकूण ९५. हवेची मदत धरली तर त्याहूनही कमी. खड्ड्यासाठी पस्तीसेक मि.मी. हातात राहतात. या वजनाला ही स्प्रिंग पुरेशी आहे. फक्त सॅग जरा कमी करावी म्हणून स्प्रिंगवरचा स्पेसर ६ मि.मी. लांब केला. प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्याने, स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त तेवढी वर उभी राहते. "प्रीलोड वाढवून कडक केलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही.

स्प्रिंगचे वेढे कापून ती "कडक" करणारेही असतात. कडक होते हे खरं, कारण वेढे कमी झाले की तेवढ्याच वजनाला स्प्रिंग कमी दबते. पण किती कडक होईल ते कापणाऱ्याला माहीत नसतं आणि कापलेलं टोक सपाट बसत नाही. त्यानेही विचारलं होतं. नाही म्हणालो.

जोडणी. दोन्ही पायांचे बुश, ऑइल सील, डस्ट सील आणि तळाचे तांब्याचे वॉशर नवे. डावा ठीक होता तरी तोही उघडला, कारण त्याच्यातलं ११० आणि १५ डब्ल्यू मलाच काढायचं होतं. सील सरकवताना नळीच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी तेल लावून चढवली, म्हणजे टोकाच्या धारेने सीलची कड चिरत नाही. ठोकायला योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. क्लिपची खाच पूर्ण गोल दिसेपर्यंत ठोकायचं, अर्धी दिसली की थांबायचं नाही. तेल १० डब्ल्यू. इथे एक सावधगिरी: डब्यावरचा डब्ल्यूचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, एकाचं १० दुसऱ्याच्या १५ इतकं जाड निघू शकतं. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (जाडपणाचं माप), हा बारीक अक्षरातला आकडा जुळवावा. तेल थोडं जास्तच ओतलं, हवा निघेपर्यंत फोर्क सावकाश दाबला-ओढला, दहा मिनिटं उभा ठेवला. मग पिचकारीला जोडलेली बारीक नळी १५० मि.मी. आत सोडून जास्तीचं ओढून घेतलं. नळीचं तोंड उघडं पडलं की पिचकारीत हवा येते आणि पातळी आपोआप १५० वर थांबते. दोन्ही पायांना तीच नळी, तीच खूण.

ॲक्सलवर उजव्या पायाच्या जागी बोटभर रुंद गंजाचा पट्टा होता. पाणी साचून, ग्रीसशिवाय, बहुधा पहिल्या गळतीच्याही आधीपासून. ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने तो काढला, ॲक्सल काचेवर लोटून सरळ असल्याची खात्री केली. पायाच्या छिद्रात कोणीतरी स्क्रूड्रायव्हर दामटून उठवलेली कड होती, ती गोल कानशीने अगदी हलक्या हाताने मारली. ग्रीसचा पातळ हात दिला. आता उजवा पाय दोन बोटांनी ॲक्सलवर पुढेमागे सरकत होता. ॲक्सल आवळला, गाडी उतरवली, ब्रेक धरून सहा वेळा दाबली, पाय जिथे थांबला तिथे पिंच बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळला. पायाच्या कडेला लागून ॲक्सलवर नवी रेघ मारली, या वेळी पांढऱ्या पेंटने.

मागच्या शॉकअपला फारसं काही नव्हतं. प्रीलोड सगळ्यात वरच्या पायरीवर होता. कधीकाळी मागे सामान बांधून नेलं होतं म्हणे. त्यामुळे गाडी नाकावर उभी राहायची आणि पुढच्या फोर्कवर नाहक भार यायचा. दोन पायऱ्या खाली आणला, सॅग जागेवर आली. तेलाचा ओलेपणा नाही, दाबून सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबतो. आत दाबाखाली नायट्रोजन असलेला शॉकअप घरी उघडायचा नसतोच.

शेवटचं मोजमाप: १२८.५ आणि १३५.५. फरक ७, सॅग ३६. केबल टाय नवी अडकवून त्याला त्याच फेरीला पाठवलं. आला तो गप्प होता. टाय ११२ वर.

"आपटलं का?" मी विचारलं.

"नाही. पण दादा, मऊ केलंत का तुम्ही?"

आधीपेक्षा १६ मि.मी. जास्त खाली गेला होता आणि त्याला एकदाही दणका जाणवला नव्हता. स्प्रिंग तीच होती. पाचशे किलोमीटरवर नळ्या पुसून पाहिल्या, दोन हजारवर पुन्हा. आधीची दोन्ही सीलं या सुमारासच गेली होती. तीन हजारांवरही दोन्ही पाय कोरडे.

मग काही महिन्यांनी त्याने फोटो पाठवला. पुढचा टायर दुसरीकडे बदलून घेतला होता आणि हाताला पुन्हा तीच झिणझिण लागत होती. फोटोत पांढरी रेघ आणि पायाची कड यांच्यामध्ये ॲक्सलचा चकचकीत पट्टा दिसत होता, दोनेक मि.मी. रुंद. फोनवर सांगितलं: पिंच बोल्ट सैल करा, ब्रेक धरून सहा वेळा दाबा, रेघ कडेला आली की आवळा. पाच मिनिटांनी फोन आला.

"टक् वाजलं," तो म्हणाला.